रिंगा बदलल्या, धूर तसाच

वर्गात आम्ही मुलांना नेहमी सांगतो, आधी मोजा, मग उत्तर लिहा. गेल्या वर्षी घरच्याच गाडीच्या बाबतीत आम्ही हे विसरलो आणि त्याचा भुर्दंड मुलांच्या अम्मीच्या भिशीला बसला.

आमच्या धाकट्या भावाकडे तीन सिलिंडरची जुनी पेट्रोल गाडी आहे. तयार कपड्यांचे गठ्ठे घेऊन तो चिपळूणहून कराडकडचे आठवडी बाजार करतो. घर त्यावरच चालतं. कुंभार्ली घाट चढताना गाडीच्या मागे निळा धूर सुटू लागला, ऑइलही सारखं कमी होऊ लागलं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, एवढं आम्हाला ठाऊक होतं. "भाईजान, काय करू?" असं त्याने विचारलं, तेव्हा आम्ही ऐटीत सांगून टाकलं, "रिंगा टाकून घे. बाकी कशाला हात लावू देऊ नकोस, उगाच खर्च वाढतो." मिस्त्रीने आम्ही सांगितलं तेवढंच केलं. चार महिन्यांत धूर परत आला.

दुसऱ्या वेळी गाडी एका वयस्कर उस्तादांकडे नेली. त्यांनी लगेच पाना उचलला नाही. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. मग जिथे ते कमी होतं तिथे चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं. सुई वर चढली. म्हणजे दाब रिंगांपाशी निसटतोय. सुई चढली नसती, तर व्हॉल्व किंवा हेड गॅसकेटवर संशय गेला असता.

इंजिन उघडल्यावर त्यांनी सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आडवा आणि उभा मोजला. वरच्या बाजूला तो जास्त झिजून लंबगोल झाला होता. "सर, रिंग गोल आणि सिलिंडर असा. नवी रिंग बसणार कशी?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. आता बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन आणि त्याच मापाच्या रिंगा घालणं भाग होतं. पहिल्या रिंगा आणि मजुरी पाण्यात गेली.

पण मोजल्याने पैसे वाचलेही. क्रँक घासून घ्यावा लागेल, असं भावाने धरलंच होतं. उस्तादांनी मायक्रोमीटर लावला, जर्नलवर नख फिरवून पाहिलं. ओरखडा नव्हता, माप हद्दीत होतं. क्रँकला हात न लावता फक्त नवी बेअरिंगं टाकली. हेडवर सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज सरकवून पाहिला. हेड वाकलेलं नव्हतं, फेसिंगचा खर्च टळला. व्हॉल्व त्यांच्या सीटवर घासून बसवले.

काही वस्तू मात्र इंजिन उघडलं की मोजत बसायच्या नाहीत, नव्याच घालायच्या: गॅसकेट, ऑइल सील, व्हॉल्व सील, रिंगा, बेअरिंगं, ऑइल फिल्टर. टायमिंग बेल्टही त्याच वेळी बदललेला बरा. त्यांची किंमत मजुरीच्या मानाने थोडी असते, पण एक जुनं सील गळलं तर अर्धं काम पुन्हा करावं लागतं. ऑइल पंप उघडून तपासावा. तो झिजला असेल, तर नव्या बेअरिंगांना पुरेसं ऑइल मिळत नाही.

जोडणीच्या वेळी आम्ही शेजारी बसलो होतो. प्रत्येक कनेक्टिंग रॉडची कॅप त्याच रॉडला परत लागावी म्हणून त्यांनी आधीच खुणा केल्या होत्या. नवी रिंग सिलिंडरमध्ये सरकवून तिच्या तोंडातली फट मोजली. पिस्टनवर चढवताना सगळ्या रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ दिली नाहीत. बेअरिंगांना ऑइल लावलं. हेडचे बोल्ट मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने आवळले.

गाडी देताना त्यांनी भावाला बजावलं, पहिले हजार किलोमीटर ओझं कमी ठेव, गाडी फार पळवू नकोस, तापू देऊ नकोस आणि पहिलं ऑइल लवकर बदल.

तुमच्या घरी अशी वेळ आली, तर मिस्त्रीला "किती लागतील?" हे विचारण्याआधी "मोजून काय निघालं?" हे विचारा. आकडे कागदावर लिहून घ्या. काढलेले जुने भाग परत मागा आणि हातात घेऊन बघा. चांगला कारागीर यात अपमान मानत नाही, उलट खुशीने दाखवतो.

घाटात आता धूर दिसत नाही. भाऊ दर महिन्याला थोडे थोडे करून भिशीचे पैसे फेडतो आहे. त्यातला पहिल्या दुरुस्तीचा हिस्सा मात्र आम्ही आमच्या पगारातून भरतो. सल्ला आमचा होता.