ऊन घ्या, पुडीचा मारा नको

थंडी पडली की आपल्या भिलाईच्या सेक्टर 2 मध्ये सर्दी-खोकल्याबरोबर एक सल्लाही फिरतो: "डी ची पुडी घे, इम्युनिटी वाढते." सल्ला अर्धाच खरा आहे.

खरं काय ते आधी. रोगजंतूंना गिळणाऱ्या आपल्या पेशी ड जीवनसत्त्वाच्या (म्हणजे व्हिटॅमिन डीच्या) मदतीने कॅथेलिसिडिन नावाचं जंतुनाशक द्रव्य बनवतात. ड कमी पडलं की हे काम मंदावतं. 2017 साली 25 चाचण्यांमधल्या सुमारे 11 हजार लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. रोज किंवा आठवड्याला बेताने ड घेणाऱ्यांना श्वसनाचे संसर्ग थोडे कमी झाले, आणि ज्यांच्यात मुळातच ड फार कमी होतं त्यांना सर्वाधिक फायदा झाला. एकदम मोठा डोस घेणाऱ्यांमध्ये मात्र हा फायदा दिसला नाही. पुढे 2025 मध्ये 46 चाचण्यांचा हिशेब मांडला, तेव्हा सरसकट सगळ्यांना फायदा होतो असं ठामपणे म्हणता आलं नाही. म्हणजे कमतरता असेल तर ती भरून काढायची. ड घेतलं म्हणजे खोकला फिरकणार नाही, असं समजायचं नाही.

ड तर उन्हाने अंगात तयार होतं; मग भिलाईत एवढं ऊन असताना कमतरता कशी? स्टील प्लांटमधला माणूस हेल्मेटपासून बुटांपर्यंत झाकलेला असतो. नाईट शिफ्टवाला दिवसा पडदे ओढून झोपतो. मुलं शाळेतून थेट कोचिंगला जातात, आणि आजी-आजोबा थंडीच्या भीतीने खोलीतच बसतात.

तेव्हा ऊन घ्या, पण वेळ पाहून. सकाळचं कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं; ड तयार करणारे किरण मात्र त्यात फार थोडे असतात. साधी खूण सांगतो: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा जितकी आखूड, तितकं ऊन कामाचं. डिसेंबरअखेर तर आपल्याकडे भर दुपारी बारालाही सावली जवळजवळ उंचीएवढीच असते. म्हणून हिवाळ्यात अकरा ते दोनच्या दरम्यान, हात-पाय उघडे ठेवून, वीस-पंचवीस मिनिटं अंगणात बसा. बंद काचेच्या खिडकीशी बसून उपयोग नाही, काच ते किरण अडवते. मे महिन्यात मात्र दुपारचं धाडस नको. नऊच्या सुमारास थोडा वेळ पुरे.

जेवणात अंड्याचा बलक आणि मासे असू द्या. दूध-तेल घेताना पाकिटावर निळं '+F' चिन्ह पाहा. अशा दुधा-तेलात अ आणि ड वरून मिसळलेलं असतं.

60,000 युनिटची पुडी डॉक्टरांनी लिहून दिली तरच घ्या, आणि सांगितलेले आठवडे झाले की थांबवा. मोठ्या माणसाची रोजची गरज 600 युनिटच्या आसपास असते. पुड्यांचा मारा केला तर रक्तात कॅल्शियम वाढतं. मळमळ, सारखी तहान, बद्धकोष्ठता सुरू होते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. मुतखड्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

साठी ओलांडलेल्यांनी, मधुमेह किंवा दमा असलेल्यांनी फ्लूच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा. बिडी-सिगारेट सोडा. आणि खोकला दोन आठवडे हटला नाही, तर पुडी शोधत बसू नका. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. टीबीची तपासणी आणि औषधं तिथे मोफत मिळतात.