भूमी विरस होण्यापूर्वी

गेले तीन उन्हाळे आमच्या दवाखान्यात षडंगोदकासाठी जो वाळा वापरला गेला, तो एकाच शेतकऱ्याकडून येत होता. प्रवरेच्या कालव्याखाली त्याचे शेत आहे. शेताच्या कडेने एक ओढा वाहतो आणि गावाचे व वरच्या अंगाच्या एका कारखान्याचे सांडपाणी त्यातूनच जाते. ओढ्याकाठच्या पट्ट्यात ऊस येईनासा झाला, तेव्हा कोणाच्या तरी सांगण्यावरून त्याने तेथे वाळा लावला. वाळा जोमाने फोफावला. मुळे लांब, पिवळसर व सुगंधी निघाली. द्रव्यपरीक्षणाच्या नेहमीच्या रीतीने आम्ही रूप, गंध व रस पाहिला आणि दर वर्षी ती मुळे विकत घेतली. शेत पाहण्याची आवश्यकता आम्हांस कधी भासली नाही.

पुढे त्याच्या घरी रुग्ण तपासण्यासाठी जाणे झाले आणि ते शेत प्रथमच दृष्टीस पडले. ओढ्याचे पाणी काळपट तपकिरी होते आणि त्याच पाण्यात वाळ्याची मुळे उतरलेली होती. परत आल्यावर उरलेल्या मुळांची एक पुडी स्वखर्चाने प्रयोगशाळेत धाडली. शिशाचे प्रमाण विहित मर्यादेहून अधिक आले. काढ्यात मुळातील सर्व शिसे उतरत नाही, हे खरे. ते षडंगोदक प्यालेल्यांपैकी कोणास अपाय झाल्याचे आमच्या पाहण्यातही नाही. परंतु पाहण्यात नाही म्हणजे झालाच नाही, असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस होत नाही. प्रस्तुत लेख त्या अस्वस्थतेतून लिहिला आहे.

चार भावांतील तिसरा

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनीच विद्यार्थिदशेत अभ्यासलेला आहे. वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव बिघडले म्हणजे भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी व्याधिग्रस्त होतात. हे भाव उत्तरोत्तर अधिक दुष्परिहार्य सांगितले आहेत. वायूपेक्षा जल, जलापेक्षा देश आणि देशापेक्षा काल टाळणे कठीण. दूषित पाणी गाळता येते, उकळता येते, क्वचित बदलताही येते. दूषित भूमी मात्र जेथल्या तेथे राहते आणि तिच्यावर उगवलेले सर्व काही आपल्या ताटात व खलबत्त्यात येते.

त्याच अध्यायात भगवान आत्रेय अग्निवेशाला सांगतात की भूमी विरस होण्यापूर्वीच औषधींचा संग्रह करून ठेवावा, कारण पुढे त्यांचे रस, वीर्य, विपाक व प्रभाव लोप पावतील. सुश्रुतांनी तर औषधी कोणत्या भूमीतून घ्याव्यात व कोणत्या भूमीतून घेऊ नयेत, यासाठी सूत्रस्थानात स्वतंत्र अध्याय योजला. भूमिपरीक्षा हा वैद्याच्या कर्तव्याचा भाग होता. सांप्रत आपण बंद पाकिटावरील नाव व किंमत वाचतो. ते द्रव्य कोणत्या मातीत वाढले, हा प्रश्न आपल्यापैकी किती जण विचारतात?

मातीतील सहज

भूमीचा 'रस' म्हणजे नेमके काय, याचे एक उत्तर आधुनिक मृदाशास्त्राने दिले आहे. निरोगी मातीच्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधी जीवाणू असतात. १८८८ मध्ये डच शास्त्रज्ञ बायजेरिंक यांनी द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गाठींतून नत्र स्थिर करणारे जीवाणू वेगळे केले. आज आपण त्यांस रायझोबियम म्हणतो. १९०४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हिल्टनर यांनी मुळाभोवतीच्या, जीवाणूंनी गजबजलेल्या मातीच्या पातळ थराला स्वतंत्र नाव दिले. वनस्पती आपण तयार केलेल्या शर्करेचा काही अंश मुळांवाटे बाहेर सोडते. त्यावर जगणारे जीवाणू तिला परतफेड करतात. हवेत ७८ टक्के नत्र असूनही वनस्पतीला तो थेट घेता येत नाही. रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर, ॲझोस्पिरिलम हे जीवाणू तो तिला उपलब्ध करून देतात. स्फुरद विरघळविणारे जीवाणू सेंद्रिय आम्ले सोडून मातीत अडकलेला स्फुरद मोकळा करतात. काही जीवाणू मुळांची वाढ करणारी संप्रेरके निर्माण करतात, काही लोह मिळवून देतात, तर काही रोगकारक बुरशीस मुळापाशी थारा देत नाहीत. आपल्या जिल्ह्याचे मुख्य पीक असलेल्या उसाच्या आत राहून नत्र स्थिर करणारा ॲसिटोबॅक्टर जातीचा जीवाणू १९८८ मध्ये ब्राझीलमध्ये योहाना डोबेरायनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशात आणला. त्याची संवर्धके आता महाराष्ट्रातील ऊस उत्पादकांना परिचित आहेत.

येथे एक मोह आवरावयास हवा. चरकांनी विमानस्थानात विंशतिविध कृमी सांगताना सहज कृमी वगळले आणि टीकाकार चक्रपाणींनी ते सहज कृमी विकार न करणारे असल्याचे स्पष्ट केले. यावरून प्राचीनांस जीवाणू ठाऊक होते, अशी घोषणा करणे आम्हांस मान्य नाही. सूक्ष्मदर्शकाशिवाय रायझोबियम दिसत नाही. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदातील आंबवलेले कुणपजल वनस्पतींस मानवते, त्यात सूक्ष्मजीवांचा वाटा असणे तर्कास धरून आहे. तथापि तर्कास प्रयोगाची जोड हवी. मात्र एक गोष्ट निःसंशय आहे. प्रत्येक सूक्ष्म जीव शत्रू नव्हे आणि काहींच्या सहवासाविना शरीर धड राहत नाही, ही दृष्टी आपल्या शास्त्रास परकी नाही. हीच दृष्टी मातीलाही लावावी, एवढेच आमचे म्हणणे.

पचन कशाचे होते?

हे जीवाणू दूषित भूमी स्वच्छ करतात, असे अलीकडे वारंवार वाचनात येते. हे विधान अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे वैद्यांनी जाणून घेतलेच पाहिजे.

सेंद्रिय मल जीवाणू खरोखरच पचवितात. खनिज तेलातील घटक पचविणारा जीवाणू तयार करणारे डॉ. आनंदमोहन चक्रवर्ती यांचे नाव १९८० च्या अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे जगभर झाले. आपल्या जिल्ह्यापुरते पाहावयाचे तर साखर कारखानदारीचे उदाहरण पुरेसे आहे. मळीपासून एक लिटर मद्यार्क काढताना साधारणतः दहा ते पंधरा लिटर सांडपाणी निघते. ते तसेच ओढ्यात सोडले तर पाण्यातील प्राणवायू संपतो, विहिरी नासतात. तेच बंद टाक्यांत मिथेन निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या स्वाधीन केले तर इंधनवायू मिळतो. उरलेले प्रेसमडच्या ढिगांवर शिंपडून जीवाणू संवर्धकाच्या साहाय्याने कुजविले तर खत होते. विष एकच, त्याचे काय होणार, हे माणसाच्या प्रज्ञेवर वा प्रज्ञापराधावर अवलंबून.

शिसे, कॅडमियम, आर्सेनिक यांची गोष्ट निराळी. ही मूलद्रव्ये आहेत आणि कोणत्याही जीवाणूस ती पचविता येत नाहीत. जीवाणू त्यांचे केवळ रूप वा स्थान बदलतात. काही जीवाणू त्यांस अविद्राव्य करून मातीत बांधून ठेवतात. काही जण क्रोमियमचे अधिक विषारी रूप कमी विषारी रूपात पालटतात. आणि काही जण, जे आम्ल सोडून वनस्पतीला स्फुरद व जस्त मिळवून देतात, तेच त्याच कृतीने कॅडमियमही विद्राव्य करून मुळांत पोहोचवू शकतात. म्हणजे उपकारक जीवाणू घातला की भूमी आपोआप निर्दोष झाली, असे समजणे घातक आहे.

असे असूनही दूषित भूमीला सोडून द्यावे, असे नाही. नागपूर जिल्ह्यातील गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या उघड्या-बोडक्या ढिगाऱ्यांवर नागपूरच्या 'नीरी' संस्थेच्या शास्त्रज्ञांनी प्रेसमड मिसळले, मुळांस नत्र व स्फुरद पुरविणारे जीवाणू व बुरशी यांची जोड दिली आणि तेथे वृक्ष उभे केले. साखर कारखान्याचा टाकाऊ पदार्थ, मातीतील जीवाणू आणि झाड या तिघांनी मिळून धूळ उडणारी जमीन धरून ठेवली. हे काम आमच्या मते भूचिकित्साच होय. आपल्याकडील चोपण जमिनींसही असाच क्रम लागतो. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले, प्रवरेच्या खोऱ्यात बागायत बहरली. परंतु जेथे पाणी अति झाले व निचरा झाला नाही, तेथे जमीन चोपण व क्षारपड होत गेली. जीवाणू सोडियम काढून टाकत नाहीत. आधी चर काढून निचरा, मग जिप्सम, मग ताग वा धैंचा गाडणे आणि त्यानंतर जीवाणू संवर्धके, असा तो क्रम आहे. निदान परिवर्जनापासून चिकित्सा सुरू होते, हे आपणांस नव्याने सांगावयास नको.

जी वनस्पती भूमी शुद्ध करते

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. वाळा ही वनस्पती दूषित भूमी सुधारण्यासाठी जगभर लावली जाते. तिची मुळे खोल जातात, माती धरतात आणि शिशासारखे धातू मुख्यतः मुळांतच साठवितात. आपण औषधात वापरतो तीही मुळेच. ओलसर जागी, गटाराकाठीही सहज वाढणारा मोथा आणि दूषित पाण्यातून धातू शोषून घेणारी ब्राह्मी यांचीही हीच कथा. जो गुण या वनस्पतींस भूमीच्या चिकित्सेत श्रेष्ठ ठरवितो, तोच गुण तेथे वाढलेल्या वनस्पतीस रुग्णाच्या चिकित्सेत वर्ज्य करतो.

'पडीक व दूषित जमिनीवर औषधी वनस्पती लावा, जमीनही सुधारेल आणि उत्पन्नही मिळेल,' असा सल्ला अनेक शिबिरांतून दिला जातो. कोरडवाहू पडीक जमिनीपुरता तो योग्य आहे. सांडपाण्याने बिघडलेल्या जमिनीपुरता त्यास आमचा स्पष्ट विरोध आहे.

२००४ मध्ये अमेरिकेत बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले आणि आपल्या क्षेत्रात खळबळ उडाली. १ जानेवारी २००६ पासून निर्यात होणाऱ्या वनौषधींच्या प्रत्येक घाण्याची जड धातूंसाठी चाचणी शासनाने बंधनकारक केली. दशलक्ष भागांत शिसे १०, आर्सेनिक ३, कॅडमियम ०.३ व पारा १ अशा मर्यादा आहेत. त्या वेळची बहुतेक चर्चा रसौषधींच्या शोधन-मारणाभोवती फिरली. काष्ठौषधीत मातीतूनच धातू येऊ शकतो, याकडे आपण पुरेसे लक्ष दिले नाही. परदेशी ग्राहकासाठी चाचणी आणि आपल्या गावच्या रुग्णासाठी केवळ विश्वास, ही विभागणी वैद्यधर्मास शोभत नाही.

काय करता येईल

वैद्य बंधुभगिनींनो, आमच्या सूचना साध्या आहेत. ज्या शेतकऱ्याकडून ओले वा सुके द्रव्य घेता, त्याचे शेत एकदा डोळ्यांनी पाहा. पाणी कोठून येते, ते विचारा. नेहमीच्या माती परीक्षणात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश एवढेच कळते. जड धातूंची तपासणी वेगळी मागावी लागते, हे शेतकऱ्यास सांगा. तिचा खर्च एकट्यास परवडत नाही. संघटनेच्या तालुका शाखांनी वर्षातून एकदा नमुने एकत्र करून पाठविले तर तो भार हलका होईल.

निर्दोष जमिनीत मात्र जीवाणू संवर्धकांचा पुरस्कार आपण मोकळेपणाने करावा. १९६८ मध्ये स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ राहुरीस आपल्या दाराशी आहे आणि औषधी वनस्पतींवरील संशोधनही तेथे चालते. आपण तेथे किती वेळा जातो? पावडर स्वरूपातील संवर्धकाच्या एका ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत जीवाणू असावेत, असा नियम आहे. पाकिटावरील मुदत पाहावी व ते उन्हात ठेवू नये. दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम या प्रमाणात गुळाच्या पाण्यातून हलक्या हाताने चोळून बियाणे सावलीत सुकवावे. बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी लावावे. जिवंत औषध जिवंतपणीच द्यावयाचे असते.

त्या शेतकऱ्याकडे आम्ही प्रयोगशाळेचा कागद घेऊन गेलो. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तीन वर्षं तुम्हीच तर नेत होता की. तवा नाही सांगितलं." यास आमच्याजवळ उत्तर नव्हते. बराच वेळ बांधावर बसून बोलणे झाले. वाळा उपटायचा नाही, ओढ्याकाठची माती तो धरून आहे. मात्र त्याची मुळे कोणालाही विकायची नाहीत, हे त्याने मान्य केले. वरच्या अंगाच्या विहिरीवरील दहा गुंठ्यांची माती व पाणी तपासून घेण्याचे ठरले. ती निर्दोष निघाली तर तेथे जीवाणू संवर्धकासह शतावरी लावायची आणि ती आम्ही घ्यायची, असा शब्द आम्ही दिला आहे. ओढ्यात येणाऱ्या सांडपाण्याविषयी ग्रामसभेत अर्ज देण्याचेही ठरले असून त्यावर त्याच्या सहीखाली आमची सही असेल.