फुकटच्या प्रवासाचे भाडे कोण भरतो?

विमानाचे तिकीट फुकट, विमानतळावरील विश्रामकक्ष फुकट, कार्डाचे वार्षिक शुल्कही माफ! वित्त-तंत्रज्ञान क्षेत्रातील नव्या कंपन्यांनी प्रवास-सवलतीच्या क्रेडिट कार्डांचा बाजार अशा आमिषांनी दुमदुमवून सोडला आहे. फुकट असे काही नसते, ही आपल्या वडीलधाऱ्यांची शिकवण. मग या प्रवासाचे भाडे भरतो तरी कोण?

नवागतांनी काहीच भले केले नाही, असे मात्र नव्हे. परदेशात कार्ड वापरले की साडेतीन टक्क्यांपर्यंत अधिभार सोसणे ग्राहकाच्या अंगवळणी पडले होते. फेडरल बँकेच्या सहयोगाने २०२३ मध्ये आलेल्या ‘स्कॅपिया’ कार्डाने तो अधिभारच वगळला. प्रस्थापित बँकांच्या सुस्त मक्तेदारीला असा धक्का बसणे आवश्यकच होते.

परंतु ही स्पर्धा नेमकी कशासाठी आहे? या कंपन्या बँका नाहीत. कर्ज देते ती परवानाधारक बँक. कंपनी आणते ते ग्राहक आणि आकर्षक अ‍ॅप. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या नियमांत सहयोगी कंपनीची भूमिका कार्डाच्या प्रचार-वितरणापुरती आणि ग्राहकाला सवलतीच्या वस्तू-सेवा पुरवण्यापुरती मर्यादित केली. मार्च २०२४ मध्ये तर फेडरल बँक आणि साउथ इंडियन बँक यांना अशी नवी सहयोगी कार्डे देणे काही काळ थांबवावे लागले. नियामकाचा हा हस्तक्षेप म्हणजे प्रगतीच्या वाटेतील धोंड, असा कांगावा करणाऱ्यांनी ठेवीदाराचा पैसा कोणाच्या भरवशावर उधार दिला जातो, याचे उत्तर द्यावे.

आता भाड्याचा हिशेब मांडू. सवलतीचा काही भार दुकानदाराकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कातून निघतो आणि तो अखेर मालाच्या किमतीत मिसळून रोखीने खरेदी करणाऱ्याच्याही माथी बसतो. दुसरा मोठा वाटा थकबाकीदाराचा. दोन टक्के दराने पन्नास हजारांच्या खर्चावर हजार रुपयांचे गुण मिळाले, असे समजा. तेच बिल एक महिना थकले, तर दरमहा साडेतीन टक्के दराने १,७५० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के कराचे ३१५ रुपये. हजाराच्या लाभासाठी २,०६५ रुपयांचा भुर्दंड! विलंबशुल्क वेगळेच. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, तो हाच.

या व्याजाला तीस टक्क्यांची वार्षिक मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द ठरवला. म्हणजे ग्राहकाचे ते कवचही गळून पडले. एकीकडे २०२४ च्या प्रारंभी देशातील क्रेडिट कार्डांनी दहा कोटींचा टप्पा गाठला. दुसरीकडे २०२२-२३ मध्ये कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे पाच टक्के, म्हणजे कित्येक दशकांच्या नीचांकावर आली. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात, इतकीच विनंती.

आणि ते गुण तरी काय? कंपनीने छापलेले खासगी चलन! त्याचे मूल्य कंपनी ठरवते, ते कोठे चालेल तेही तीच ठरवते आणि विश्रामकक्षासाठीची मासिक खर्चाची अटही तीच वाढवते. कमावलेल्या गुणांचे रुपयांतील मूल्य विवरणपत्रात छापावे आणि ते घटवण्यापूर्वी पुरेशी मुदत द्यावी, असे बंधन रिझर्व्ह बँकेने घातले पाहिजे.

ते बंधन येईपर्यंत आपले शस्त्र आपल्याच हाती आहे. बिल दरमहा पूर्ण भरण्याची ऐपत आणि शिस्त असेल, तर कार्ड खुशाल वापरा. नसेल, तर ते परत करा. प्रवास अवश्य करावा, पण साठवलेल्या पैशाने. ऋण काढून सण साजरा करणाऱ्या घराला हसणाऱ्या समाजाने ऋण काढून सहल करण्याला प्रतिष्ठा द्यावी, यासारखे दुर्दैव कोणते?