पोडाला गाव म्हणा



यवतमाळ जिल्ह्याच्या नकाशावर नागपूर-हैदराबाद महामार्ग ठळक रेघेने काढलेला असतो. पांढरकवड्यावरून तो आदिलाबादकडे उतरतो आणि त्यावर रात्रंदिवस ट्रक धावतात. या महामार्गाच्या दोन्ही अंगांना केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी, राळेगाव या तालुक्यांतल्या टेकड्यांवर कोलामांची पोडे आहेत. ती नकाशावर शोधू गेलात तर बहुतेक वेळा सापडत नाहीत. पायथ्याच्या एखाद्या महसुली गावाच्या पोटात त्यांची नोंद असते. ग्रामपंचायत खालच्या गावात, रेशनचे दुकान खालच्या गावात, ठराव खालच्या गावाचा. डोंगरावर राहते ती फक्त वस्ती. कागदावर नाही ते जगात नाही, हा सरकारी न्याय. त्या न्यायाने पोड जगात नाही.

महाराष्ट्रात तीन जमातींना केंद्र सरकारने अतिशय मागास गटात धरले आहे: कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. पूर्वी यांनाच आदिम जमाती म्हणत. कोलामांना त्यांची स्वतःची कोलामी भाषा आहे. पोडाला नाईक असतो, महाजन असतो, मध्यभागी चावडी असते. भांडणतंटा, लग्नकार्य, सण सारे तिथे बसून ठरते. पंचायत म्हणजे काय हे यांना शिकवायला कोणा अधिकाऱ्याने जीप घेऊन जायची गरज नाही. गरज आहे ती त्यांची पंचायत कागदावर मान्य करण्याची.

आता शेतीकडे पाहू. टेकडीवरची जमीन बरड. वीतभर मातीखाली मुरूम, त्याखाली काळा दगड. जिल्ह्यात सरासरी नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण उतारावर तो थांबत नाही. पाणीही जाते आणि मातीही जाते. काळ्या खोल जमिनीत सप्टेंबरनंतर पाऊस गेला तरी कपाशी महिनाभर तग धरते. बरड जमिनीत बोंड भरायच्या वेळीच ओल संपते. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि बाजारात संकरित बियाण्याची पाकिटे आली. त्यातले पुष्कळसे वाण लांब मुदतीचे, भारी जमिनीत आणि ओलिताखाली शोभणारे. बियाणे खोल जमिनीचे आणि जमीन वीतभर मातीची, असा हा संसार आहे. हलक्या जमिनीला लवकर येणारा सरळ वाण, दाट पेरा, उताराला आडवी पेरणी, सोबत तूर-ज्वारीची ओळ, वरच्या अंगाला समतल चर, एवढे तरी हवे. शेतकीच्या पुस्तकात हे सारे आहे. पण पुस्तक घेऊन कृषी सहायकाने पोडापर्यंत पोचायला रस्ता हवा.

रस्ता नसला की भाव कसा पडतो, हिशेब मांडून पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. हा भाव खरेदी केंद्राच्या फाटकात मिळतो, टेकडीवर मिळत नाही. पोडावरच्या माणसाचा कापूस पाच-सहा क्विंटल. तो डोक्यावर नाहीतर बैलबंडीत खाली आणायचा, मग भाड्याची गाडी, मग रांगेत मुक्काम. शिवाय नोंदणी आणि पीकपेऱ्याचा कागद. ज्याची जमीन वनखात्याच्या कागदात अडकली त्याच्याकडे सातबारा नाही. मग दारात येतो खेडा खरेदीवाला. समजा त्याने क्विंटलमागे हजार रुपये कमी दिले, तर सहा क्विंटलला सहा हजार गेले. काट्यात मारले ते वेगळे. या कपातीची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही, पण ती दर हंगामाला होते. हा घाटाचा कर आहे. भरतो तो, ज्याच्याकडे भरायला काही नाही.

ज्यांची शेती खाली काळ्या रानात आहे ते म्हणतील, आम्हाला याचे काय? याचे उत्तर सोपे आहे. व्यापाऱ्याला टेकडीवर स्वस्त कापूस मिळाला की तोच भाव तो खाली येऊन तुमच्या ओट्यावर सांगतो. सर्वांत अडलेल्या शेतकऱ्याचा भाव हा शेवटी सर्वांच्या भावाला खाली ओढतो.

रस्त्याचा प्रश्न पैशापुरताही नाही. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. विषबाधेत तास मोजावे लागतात. पांढरकवड्याहून यवतमाळचे शासकीय रुग्णालय साठ-सत्तर किलोमीटर. पण पोडावरून पांढरकवड्याला जाणारी गाडी धरण्याआधी जी पायपीट होते, ती कुठल्याच अंतरात धरलेली नसते.

सरकारचे ठरलेले उत्तर असे की घरे थोडी, खर्च फार. हे उत्तर आता चालणार नाही. २००० साली सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेत सपाटीवर ५०० आणि डोंगरी व अनुसूचित भागात २५० लोकसंख्येची अट होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधान जनमन योजनेत अतिशय मागास जमातींच्या वस्त्यांसाठी ही अट १०० वर आणली गेली. योजना २०२३-२४ ते २०२५-२६ या तीन वर्षांसाठी मंजूर झाली. म्हणजे पैसा नव्हता असे कोणी म्हणू नये. प्रश्न एवढाच की तुमच्या भागातले कोणते पोड यादीत आले, कोणते गळाले आणि गळाले ते कोणाच्या मोजणीने? मुकुटबनचा चुनखडीचा दगड भांडवलाला दूर वाटला नाही, तिथे सिमेंटचा कारखाना उभा राहिला. मग माणसेच तेवढी दूर कशी?

दुसरे उत्तर वनखात्याचे: जमीन वनाची आहे. तेही अपुरे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार रस्ता, शाळा, अंगणवाडी, दवाखाना, तळे, वीज अशा कामांसाठी प्रत्येक कामामागे एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. अट दोन गोष्टींची: हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तुटू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव कायदाही पाहावा लागतो, ती बाब वेगळी. पण सगळीकडे तेच कारण पुढे करता येणार नाही. याच कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला चार हेक्टरपर्यंतचा हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे मिळतो.

ग्रामसभेची शिफारस म्हटली की पुन्हा गाडी खालच्या गावात येऊन अडते. त्याचीही वाट कायद्यात आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने, आपल्या रूढीप्रमाणे कारभार करणारी वस्ती किंवा पाडा हे गाव मानले आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे अशा वस्तीतले मतदार बहुमताने ठराव करून स्वतंत्र गावासाठी उपविभागीय अधिकाऱ्याकडे मागणी करू शकतात. वर सांगितलेल्या तालुक्यांचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात येतो.

१० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदला जंगलातले गवत कापून कायदा मोडला. या जिल्ह्याने पुढे राज्याला दोन मुख्यमंत्री दिले. अण्यांना कायदा मोडावा लागला. आपल्याला तर फक्त कायदा वापरायचा आहे.

म्हणून जिल्हा बैठकीला येण्याआधी प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी तीन कामे करावीत. आपल्या भागातल्या पोडांची नावे, घरे आणि माणसे मोजून यादी करावी. रस्त्यांच्या मंजूर यादीची प्रत मागून ती चावडीवर वाचून दाखवावी. आणि स्वतंत्र गावाचा ठराव, वनहक्काचे प्रलंबित दावे व कलम ३(२) ची शिफारस हे तिन्ही कागद एकाच दिवशी दाखल करून पोच घ्यावी. पोच हातात असल्याशिवाय घरी येऊ नये. दयेचा अर्ज कोणी लिहू नये. पोडावरचा माणूस कापूस पिकवतो, तूर पिकवतो. त्याला त्याच्या मालाचा भाव हवा आहे आणि तो मिळण्यासाठी आधी त्याच्या पोडाला गाव म्हणावे लागेल.