गॅस संपताना वास का येतो?

सिलिंडर संपत आले की शेगडीजवळ गॅसचा वास वाढतो, असे अनेक भगिनी सांगतात. त्यांचे निरीक्षण बरोबर आहे. त्यामागचे कारण मात्र आपण सर्वांनी समजून घेतले पाहिजे.

प्रोपेन आणि ब्यूटेनच्या या मिश्रणाला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य किंचित मिसळतात. वास नसला तर काय होते? १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन गावच्या शाळेखाली नैसर्गिक गॅस साठला. वास नसल्याने कुणाला कळले नाही. स्फोटात सुमारे ३०० जीव गेले, त्यांत बहुतेक मुले होती.

सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. प्रोपेन उणे ४२ अंशांना, ब्यूटेन शून्याच्या आसपास उकळतो. मरकॅप्टन मात्र ३५ अंशांना. त्यामुळे गॅसची वाफ आधी निघून जाते आणि मरकॅप्टन बरेचसे तळाशी राहते. १४.२ किलो गॅस सरत आला की उरलेल्या द्रवात त्याचे प्रमाण वाढते. आमटी आटली की खारट लागते, तसेच हे.

पण इथेच धोका आहे. ‘संपत आलाय, म्हणून वास येतोय’ असे म्हणून आपण खरी गळतीही सोडून देतो. शेगडी पेटवताना क्षणभर वास येणे वेगळे. शेगडी बंद असताना वास आला, तर ती गळतीच समजावी. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो. आणि एका खोलीच्या घरात आपली मुले जमिनीवरच झोपतात.

अशा वेळी रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा. काडी ओढू नका. विजेचे बटण चालू करू नका, बंदही करू नका. सर्वांना बाहेर न्या आणि बाहेरूनच १९०६ वर फोन करा. एरवी नळीच्या जोडांना साबणाचे पाणी लावून पाहावे. बुडबुडे आले तर गळती आहे. उरलेल्या गॅससाठी सिलिंडर आडवे करू नये. द्रव थेट नळीत उतरतो.

ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, हा तथागतांचा कालामांना केलेला उपदेश स्वयंपाकघरालाही लागू आहे. आणि हे फक्त भगिनींनी नव्हे, घरातील पुरुषांनी व मोठ्या मुलांनीही शिकून घ्यावे, असे आम्हाला वाटते.