हरकती मागवल्या, पण कोणाच्या?

केंद्रीय कृषी मंत्रालयाने मे २०२० मध्ये २७ कीटकनाशकांवर बंदी घालण्याचा मसुदा काढला आणि हरकतींसाठी ४५ दिवस दिले. मुदत वाढून ९० दिवसांची झाली. उत्पादकांच्या संघटना मसुद्यावर तुटून पडल्या. हरकती तपासायला टी. पी. राजेंद्रन समिती बसली. २०२३ मध्ये अंतिम आदेश निघाला तेव्हा पूर्ण बंदी आली ती डायकोफॉल, डिनोकॅप आणि मेथोमिलवर. मोनोक्रोटोफॉसचे ३६ टक्क्यांचे द्रावणही गेले. उरलेल्यांपैकी काहींच्या लेबलावरून काही पिके तेवढी कमी झाली.

'ज्यांचा धंदा बुडणार त्यांना विचारायलाच नको का?' असे यावर म्हटले जाते. विचारायलाच हवे. कंपन्यांशी सरकारने बोलूच नये म्हणणाऱ्या कार्यकर्त्यांशी मी सहमत नाही. रेणूची माहिती, विषारीपणाच्या चाचण्या, साठा, पर्यायी उत्पादन यांचे कागद त्यांच्याकडेच असतात. प्रश्न आहे तो त्या टेबलाभोवती आणखी कोण बसले होते, याचा.

२०१७ च्या पावसाळ्यात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. शेकडो जणांना वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात भरती करावे लागले. विशेष तपास पथक नेमले गेले, राज्याने पाच उत्पादनांची विक्री रोखली, तीही फक्त ६० दिवस. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याचे कलम २७ राज्याला अशी तात्पुरतीच बंदी घालू देते. कायमची बंदी दिल्लीच्या हाती. म्हणजे दिल्लीतला तो सल्लामसलतीचा दरवाजा हाच खरा दरवाजा, आणि पंप पाठीवर घेणारा रोजंदारीवरचा मजूर तिथे पोचणार कसा? राजपत्रातला मसुदा त्याला कोण वाचून दाखवणार?

उद्योगाचा हुकमी मुद्दा असा की दोष औषधाचा नाही, वापरणाऱ्याचा. हातमोजे नाहीत, चष्मा नाही, चार औषधे एकत्र कालवली, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारले. यातले बरेच खरे आहे. पण सप्टेंबरच्या दमट उकाड्यात, डोक्याइतक्या वाढलेल्या पऱ्हाटीत, प्लास्टिकचा कोट घालून आठ तास फवारून दाखवा म्हणावे! संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची कीटकनाशक आचारसंहिता सांगते, की ज्यांच्यासाठी लागणारी संरक्षक साधने गैरसोयीची, महागडी किंवा सहज न मिळणारी असतील, अशी कीटकनाशके उष्ण प्रदेशातल्या लहान शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी वापरणे टाळावे. ही आचारसंहिता पाळण्याची ग्वाही जगातल्या बड्या कंपन्यांनी स्वतःच दिलेली आहे. आणि औषधे कालवायचा सल्ला देतो कोण? बहुतेक वेळा कृषी केंद्राचा दुकानदारच.

दुसरा मुद्दा जास्त वजनाचा. ही जुनी, पेटंट संपलेली, स्वस्त औषधे गेली की शेतकरी परदेशी कंपन्यांच्या महागड्या उत्पादनांच्या तोंडी जाईल, असे देशी उत्पादक सांगतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा फरक खरेच जाणवेल. मात्र दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी आणि घरातला कर्ता माणूस हे सारे धरले, तर ती स्वस्ताई कुठे उरते? श्रीलंकेने १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉससारखी अतिविषारी कीटकनाशके बंद केली. विष पिऊन होणाऱ्या आत्महत्या पुढच्या दशकात झपाट्याने घटल्या, भाताचे उत्पादन पडले नाही. (२०२१ मध्ये तिथे सगळीच रासायनिक खते एका फटक्यात बंद करण्याचा जो घोळ झाला, त्याच्याशी याची गल्लत नको.) निवडक बंदी पेलता येते. त्यासाठी पर्यायांची नोंदणी वेगाने व्हावी आणि सुरुवातीला शासनाने किमतीचा भार उचलावा.

विलंबाचे समर्थन मात्र कशानेच होत नाही. ६६ कीटकनाशकांच्या फेरतपासणीसाठी अनुपम वर्मा समिती नेमली गेली २०१३ मध्ये. त्याच वर्षी बिहारमध्ये मध्यान्ह भोजनातून मोनोक्रोटोफॉस पोटात जाऊन २३ मुले गेली होती. समितीचा अहवाल २०१५ ला आला, यवतमाळ २०१७ ला घडले, आदेश २०२३ चा. या दहा वर्षांत प्रत्येक टप्प्यावर 'आणखी अभ्यास हवा' हे वाक्य उपयोगी पडले. अभ्यास पूर्ण होईपर्यंत विक्री चालू राहते, म्हणून तो पूर्ण करण्याची घाई विकणाऱ्याला कशी असेल? हा क्रम उलटा करावा. सबळ शंका निर्माण झाली की विक्री थांबवावी आणि निर्धोकपणाचा पुरावा ठरलेल्या मुदतीत कंपनीने द्यावा. नाही दिला, तर नोंदणी आपोआप रद्द.

सल्लामसलतीचे नियमही बदलायला हवेत. कोणत्या संघटनेने काय हरकत घेतली, कोणत्या खात्याने मुदत वाढवून मागितली, समितीने काय मानले आणि काय फेटाळले, हे सारे मराठीसह राज्यांच्या भाषांत प्रसिद्ध व्हावे. सरकारी रुग्णालयांतली विषबाधेची नोंद औषधाच्या नावासह दरवर्षी त्या टेबलावर यावी. एक तरी बैठक यवतमाळात घ्यावी, सप्टेंबरात, फवारणी ऐन भरात असताना. उत्पादकांच्या संघटनांचे प्रतिनिधी जरूर यावेत. त्यांच्या शेजारी विषबाधेचे रुग्ण हाताळलेले डॉक्टर आणि फवारणी करणारे मजूर बसतील. त्या मजुरांचा प्रवासखर्च आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी मंत्रालयाने द्यावी.