मुलगा दारू पिऊन गाडी चालवतो. गुन्हा पालकांवर का?

पुण्यातील कल्याणीनगरमध्ये १९ मे २०२४ च्या पहाटे १७ वर्षांच्या मुलाच्या पोर्शेने दुचाकीला उडवले. दोन तरुण आयटी अभियंते ठार झाले. मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला, त्यात ३०० शब्दांच्या निबंधाची अट. निबंधावर एवढा गदारोळ झाला की खरा प्रश्न मागे पडला: गाडी हातात आलीच कशी?

मोटार वाहन कायद्यातील कलम १९९अ (२०१९ ची दुरुस्ती) अशा वेळी पालकाला किंवा वाहनमालकाला थेट दोषी धरते. ३ वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी १२ महिने रद्द. मुलालाही वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना नाही. (त्या पोर्शेची तर पक्की नोंदणीच झाली नव्हती.)

पालकांची संमती होती, हे न्यायालय गृहीतच धरते. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे पालकांनीच सिद्ध करायचे. आणि हे योग्यच आहे. बारावीचा निकाल लागला म्हणून रात्री पार्टीला निघालेला मुलगा तिथे सरबत पिणार नाही, हे घरात सगळ्यांना कळते. राज्यात बिअरसाठीही किमान वय २१ आहे, पण पार्टीच्या टेबलावर वय विचारतो कोण?

कलम फक्त पोर्शेवाल्यांसाठी नाही. क्लासला स्कूटर घेऊन जाणारा दहावीचा मुलगाही त्यातच येतो. चावी कुलपात होती, मुलाने ती चोरून नेली, हे दाखवता आले तर काही बचाव उभा राहील. ती टीव्हीशेजारच्या खुंटीवर लटकत असेल तर अवघड आहे.